बीड, बोअर आणि बॅटरी

बेळगावच्या उद्यमबागेत माझं जॉबवर्कचं मशीन शॉप आहे. जॉबवर्क म्हणजे माल एकाचा, डिझाइन दुसऱ्याचं; आमचं फक्त यंत्र, वीज आणि हात. ओतशाळेतून बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, कास्टिंग येतं. ते आम्ही फेस करतो, बोअर करतो, ड्रिल मारतो, टॅप करतो, गेज लावून तपासतो आणि पाठवून देतो. पुढं ते कुठल्या तरी इंजिनात बसतं. फ्लायव्हील हाउसिंग, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, ऑइल पंपाची बॉडी, बेअरिंग कॅप. गाडी घेणाऱ्याला यातलं एकही नाव ठाऊक नसतं आणि तशी गरजही नसते. पण टीव्हीवर विजेच्या गाडीची जाहिरात लागली की त्या गाडीत काय काय नाही याची यादी माझ्या डोळ्यांपुढं आपोआप उभी राहते. त्या यादीतली बरीच नावं माझ्या बिलबुकातली असतात.

मी मूळचा निपाणीकडचा. घरी तंबाखू आणि थोडा ऊस. विहिरीवर डिझेलचं ऑइल इंजिन होतं, आणि ते बिघडलं की निपाणीहून येणारा मेस्त्री हेड उघडून बसायचा. त्याच्याकडं बघत बघतच मला लोखंडाची गोडी लागली. आयटीआयला टर्नर ट्रेड घेतला, उद्यमबागेत एका शेठकडं लेथवर उभा राहिलो, आणि पुढं जुना लेथ हप्त्यावर घेऊन स्वतःचा गाळा थाटला. या वाटेनं आलेले आमच्याकडं शेकड्यांनी आहेत. कोल्हापूरचं उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल आणि इकडं उद्यमबाग, मच्छे, होनगा. पुणे-बंगळूर हायवेच्या कडेनं ही ओतशाळांची आणि मशीन शॉपांची साखळी आहे. मध्ये राज्याची हद्द येते. पण पॅटर्न तिकडून इकडं, कास्टिंग इकडून तिकडं, असा माल दोन्ही बाजूंनी जात-येत असतो. अशोक आयर्न वर्क्ससारख्या ओतशाळेत सिलिंडर ब्लॉक आणि हेड ओतली जातात. आमच्यासारखे लहान गाळे अशा मोठ्या कामांच्या आजूबाजूच्या शेकडो तुकड्यांवर जगतात.

या पट्ट्याला इंजिनाचं वेड कसं लागलं, हे सांगताना आमच्याकडं किर्लोस्करांपासून सुरुवात करतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. मग कडबा कापायची यंत्रं आली, लोखंडी नांगर आला. लोखंडाच्या फाळानं जमीन विषारी होते, अशा समजुतीनं शेतकरी सुरुवातीला त्या नांगराला हात लावायला तयार नव्हते, असं सांगतात. १९१० मध्ये त्यांना बेळगाव सोडावं लागलं आणि औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. मला या कहाणीत दुसरीच गोष्ट जास्त रंजक वाटते. पुढं याच घराण्यानं १९४६ या एकाच वर्षात पुण्यात ऑइल इंजिनांची कंपनी काढली आणि बंगळुरात विजेच्या मोटारींची. म्हणजे इंजिन आणि मोटार या एकाच घरच्या वस्तू. आमच्या पट्ट्यानं मात्र दोघांतलं इंजिनच जास्त जवळ केलं. शेतीला पाणी हवं होतं, गावोगावी वीज पोचायला वेळ होता, आणि बीड ओतायची विद्या कोल्हापुरात म्हादबा मेस्त्रींसारख्यांनी रुजवली होती.

विजेची एक लाट आमच्याकडं आधीच येऊन गेली आहे, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. मी कामाला लागलो तेव्हा बहुतेक ओतशाळांत कुपोला असायचा. कोकवर चालणारी ती उभी भट्टी पेटली की गल्लीभर धूर आणि ठिणग्या. मग एकेकानं इंडक्शन फर्नेस बसवली. आज टनभर बीड वितळवायला सहाशेच्या आसपास युनिट वीज लागते आणि फाउंड्रीवाल्याची झोप कोकच्या भावानं नाही, हेस्कॉमच्या वीजबिलानं उडते. डिझेल इंजिनाचा ब्लॉक कित्येक वर्षांपासून विजेच्या भट्टीत जन्म घेतो आहे. कुपोला गेला तेव्हा कोक फोडणारे, चार्जिंग करणारे, भट्टीला माती लावणारे गेले. धातूची केमिस्ट्री मोजणारा स्पेक्ट्रोमीटरवाला मुलगा आला. पण वितळत होतं ते बीडच. आता येणारी लाट तशी नाही. ती बीडालाच हात घालते.

पहिला धक्का विजेच्या गाडीनं दिलाच नव्हता. एप्रिल २०१९ मध्ये मारुती सुझुकीनं डिझेल गाड्या बंद करायचं जाहीर केलं. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराचं कडक मानक लागू झालं आणि लहान गाडीतलं डिझेल इंजिन बऱ्याच कंपन्यांना परवडेनासं झालं. माझा मारुतीशी संबंध नव्हता. पण दुसऱ्या एका लहान डिझेल इंजिनाचा तुकडा माझ्याकडं होता. त्याचं शेड्यूल आधी अर्ध्यावर आलं, मग पाव, मग एक दिवस मेल आला की शिल्लक कास्टिंग परत करा. टाळेबंदीच्या त्या दिवसांत सगळंच बंद होतं, त्यामुळं हे दुखणं निराळं आहे हे लगेच कळलं नाही. बाकीची कामं परत आली. ते आलं नाही.

तेव्हापासून मी रस्त्यापेक्षा ड्रॉइंगकडं जास्त बघतो. लोक म्हणतात, ‘अजून सगळीकडं पेट्रोल-डिझेलच दिसतंय की!’ खरंच दिसतंय. २०२४ मध्ये देशात विकल्या गेलेल्या दर शंभर वाहनांत विजेची सात-आठ होती, आणि तीसुद्धा बहुतेक दोनचाकी आणि तीनचाकी. मोटारींमध्ये तर अडीचच्या आसपास. पण गाडी रस्त्यावर दिसते ती साखळीच्या अगदी शेवटी. तिच्या आधी तीन-चार वर्षं ड्रॉइंग फिरतं, पॅटर्न होतो, सॅम्पल कास्टिंग ओतलं जातं, फिक्स्चर बनतं, सॅम्पल पास होतं, मग कुठं शेड्यूल लागतं. पूर्वी वर्षभर कुठलं ना कुठलं नवं डेव्हलपमेंट आमच्या टेबलावर असायचंच. आज चालू कामं भरपूर आहेत. ट्रॅक्टर, जनरेटर, ट्रक यांची इंजिनं बनताहेत आणि यंत्रं दोन शिफ्टमध्ये फिरताहेत. मात्र लहान मोटारीच्या नव्या इंजिनाचं ड्रॉइंग फार क्वचित येतं. बाहेरून बघणाऱ्याला शॉप जोरात चाललेलं दिसतं. आतल्याला पुढच्या पाच वर्षांची फाइल पातळ झालेली दिसते.

एकदा ओळखीच्या वर्कशॉपमध्ये विजेच्या तीनचाकीची मोटार आणि गिअरबॉक्स उघडून ठेवलेला बघायला मिळाला. बरोबर आमचे जुने मेस्त्री होते. सगळी हयात सिलिंडर ब्लॉक आणि हेडवर गेलेली. त्यांनी स्टेटर बघितला, तांब्याचं वाइंडिंग बघितलं, रोटर हातात घेऊन फिरवला, आणि विचारलं, “मालक, ह्यात बीड कुटं हाय?”

बीड नव्हतं. बाहेरचं हाउसिंग ॲल्युमिनियमचं, आत सिलिकॉन स्टीलच्या पातळ पत्र्या, तांबं आणि चुंबक. गिअरबॉक्सात मोजके गिअर, एकाच वेगाचे. व्हॉल्व्ह नाही, सायलेन्सर नाही, मॅनिफोल्ड नाही, क्लच नाही. परत येताना आम्ही उरलेल्या बीडाचा हिशोब मांडला. ब्रेकची डिस्क आणि ड्रम राहणार. सस्पेन्शनचे एसजी आयर्नचे, म्हणजे बीडाच्याच चिवट प्रकाराचे, नकल आणि ब्रॅकेट राहणार. ट्रकचे हब आणि ॲक्सलचे भाग राहणार. मेस्त्री म्हणाले, “म्हंजे चाकाजवळचं ऱ्हायलं, पोटातलं गेलं.” विजेच्या गाडीत पाय उचलला की मोटारच ब्रेकचं काम करते आणि बॅटरीत थोडी वीज परत भरते, त्यामुळं ब्रेकही कमी झिजतात. म्हणजे बदली मालाची मागणीसुद्धा घटणार.

त्यानंतर मी मुद्दाम ॲल्युमिनियमचं काम शोधलं. पुण्याकडच्या एका पार्टीचं तीनचाकीच्या गिअरबॉक्सचं हाउसिंग मिळालं. बीडावर हात बसलेल्या माणसाला ॲल्युमिनियम म्हणजे ओळखीच्या गल्लीतलं अनोळखी घर. बीड आम्ही कोरडंच कापतो. त्याचा काळा बुरा नाकात, नखांत, कॉलरवर बसतो. आमच्या माणसांचे हात बघून ते कुठं कामाला आहेत हे कुणीही सांगेल. तो बुरा ओतशाळेत परत जातो आणि पुन्हा वितळतो. ॲल्युमिनियमला कुलंट लागतं, नाहीतर चिप टूलच्या धारेलाच चिकटते. इन्सर्ट वेगळा, वेग वेगळा. भिंत पातळ, त्यामुळं फिक्स्चरमध्ये जरा जास्त आवळलं की जॉब दाबला जातो. बोअर गोल होतो, पण सोडल्यावर लंबगोल निघतो. आणि सगळ्यात मोठी गंमत उन्हाळ्याची. तापमान तेवढंच वाढलं तर ॲल्युमिनियम बीडाच्या दुपटीनं प्रसरण पावतं. सकाळच्या गारव्यात गो-नोगो गेजला बसलेलं माप एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये बसेना. मापाची खोली वेगळी काढून तिथं एसी बसवला तेव्हा पोरं हसली, “आमाला पंखा आनि जॉबला एसी!” दोघांनाही हवा होता, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं; शेडमध्ये टर्बो व्हेंटिलेटर नंतर लागले.

पण या कामात एक दिलासा मिळाला. मायक्रॉनमध्ये विचार करायची सवय, फिक्स्चर कुठं टेकवायचं याची जाण, आवाजावरून टूल बोथट झालेलं ओळखणं हे सगळं धातू बदलला तरी उपयोगी पडतं. बेळगावला हे नवीनही नाही. हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्हसाठी हे गाव आधीपासून ओळखलं जातं. पॉलिहायड्रॉनसारख्या कंपन्या इथंच वाढल्या. हत्तरगीला एक्वसचा विमानांच्या भागांचा सेझ आला, आणि आमच्याच खेड्यांतली पोरं तिथं विमानाला लागणारे भाग कापू लागली. ज्यांचे वडील कुपोलाच्या धुरात होते, ती मुलं पांढऱ्या उजेडातल्या शेडमध्ये पाच-ॲक्सिस यंत्रापुढं उभी आहेत. माणसं बदलतात. त्यांना वेळ आणि पगार द्यायला लागतो, एवढंच.

माल घेऊन टेंपोबरोबर मी अजून कोल्हापूरला जातो. संकेश्वर सोडलं की तवंदी घाट, घाट उतरला की निपाणी, मग कोगनोळीचा टोल आणि दूधगंगा. हा रस्ता म्हणजे इंधनाच्या राजकारणाचा धडाच. कर्नाटकात डिझेल स्वस्त म्हणून कोल्हापूर-कागलच्या गाड्या हद्दीच्या अलीकडच्या पंपांवर टाकी फुल्ल करायला यायच्या. जून २०२४ मध्ये कर्नाटकानं इंधनावरचा विक्रीकर वाढवला, एप्रिल २०२५ मध्ये डिझेलवरचा पुन्हा वाढवला, आणि तो फरक बराचसा आटला. नंबरप्लेटचंही असंच राजकारण आहे. चिकोडीचा केए-२३, बेळगावचा केए-२२, कोल्हापूरचा एमएच-०९. सीमाप्रश्न तापला की ही अक्षरं किती जड होतात हे डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले तेव्हा सगळ्यांनी बघितलं. विजेच्या गाडीची पाटी दोन्हीकडं हिरवीच. पण अक्षरं तीच राहतात, त्यामुळं त्या हिरव्या रंगानं काही सुटेल अशा भ्रमात आमच्याकडं कुणी नाही.

निपाणीजवळच्या आमच्या घरात पहिली विजेची गाडी आणली ती चुलतभावाच्या सुनेनं. ती निपाणीत नोकरीला जाते. तिच्या स्कूटरचा हिशोब ऐकून मला कळलं की आमच्या भागात या गाडीचं खरं धोरण बंगळुरात किंवा दिल्लीत नाही, घरच्या मीटरवर ठरतं. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. घराचा आधीच्या वर्षाचा सरासरी वापर अधिक दहा टक्के, एवढी वीज फुकट, आणि वरची मर्यादा दोनशे युनिट. स्कूटरच्या बॅटरीत एका वेळी तीनेक युनिट जातात. सासूबाई मीटर बघतात, सूनबाई किलोमीटर बघतात. “काकाजी, चार युनिट जास्त गेली तर बिल येतंय, पण पेट्रोलच्या मानानं ते कायबी न्हाई,” असं तिनं मला समजावलं. पलीकडं दूधगंगा ओलांडली की महावितरण, आणि तिथं ही सवलत नाही. तिच्या स्कूटरचा एकही भाग माझ्या यंत्रावरून गेलेला नाही, आणि तरी तिचं गणित बरोबर आहे, हे मला मान्य करावं लागलं.

माझा टेंपो मात्र डिझेलचाच आहे. भरलेली पेटी घेऊन घाट चढायचा, शिरोलीत माल उतरवायचा, तिथलं कास्टिंग भरून त्याच दिवशी परत यायचं, या कामाला मला आज तोच परवडतो. उद्यमबाग ते मच्छे एवढ्या फेऱ्यांना विजेची तीनचाकी पुरते. शेजारच्या गाळ्यानं ती घेतलीही आहे. एकाच गल्लीत दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. जे लोक ‘सगळं विजेवर जाणार’ किंवा ‘हे फॅड आहे’ असं एका दमात सांगतात, त्यांना माल वाहून न्यायचा नसतो.

आमची खरी अडचण पेट्रोल की वीज ही नाही. ती कर्जाच्या मुदतीची आहे. व्हीएमसी (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर) घेतलं की बँकेचे हप्ते पाच ते सात वर्षं. पूर्वी एकदा इंजिनाचा तुकडा लागला की तो दहा-पंधरा वर्षं चालायचा. मधे थोडे बदल व्हायचे, भाव घासायचा, पण काम टिकायचं. तुकड्याचं आयुष्य कर्जापेक्षा मोठं असायचं, आणि या एका खात्रीवर उद्यमबाग उभी राहिली. आता ते उलटं होतंय. विजेच्या गाड्यांच्या कंपन्या लहान आहेत, डिझाइन दर दोन वर्षांनी बदलतात. आज मोटारीबाहेर असलेला कंट्रोलर उद्या मोटारीच्याच हाउसिंगमध्ये जातो आणि आमचं फिक्स्चर कोपऱ्यात पडतं. त्यात जगाचं राजकारण. एप्रिल २०२५ मध्ये चीननं दुर्मिळ धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, आणि इकडं हाउसिंग तयार असूनही मोटार बनवणाऱ्यांची कामं रेंगाळली. बीड, वाळू, भंगार हे सगळं आम्हाला शंभर-दोनशे किलोमीटरच्या आत मिळतं. चुंबकाचं तसं नाही.

कर्नाटकानं २०१७ मध्येच विजेच्या वाहनांचं धोरण आणलं. असं धोरण करणारं ते देशातलं पहिलं राज्य. महाराष्ट्रानं २०१८, २०२१ आणि २०२५ मध्ये आणलं. गाडी घेणाऱ्याला त्यातून करात सवलत मिळाली, चार्जिंगची ठिकाणं वाढली, ते चांगलंच झालं. केंद्रानं वाहन उद्योगासाठी २५,९३८ कोटींची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहनाची (पीएलआय) योजना काढली. पण सुट्ट्या भागांच्या कंपनीला तिच्यात यायचं तर समूहाची उलाढाल किमान ५०० कोटी हवी होती. आमच्या गल्लीतले सगळे गाळे एकत्र केले तरी तिथवर पोचायचे नाहीत. आम्हाला अनुदानाचा मोठा आकडा नको आहे. हत्यारं आणि मापं तपासायची सामाईक लॅब, ॲल्युमिनियमवर हात बसवायला पोरांना सहा महिन्यांचं शिक्षण, आणि हप्ता कामाच्या चढउताराप्रमाणं मागंपुढं करता येईल असं कर्ज, एवढं मिळालं तरी बरेच गाळे तरतील. नाहीतर या बदलाचा धोका ज्यांच्या हातात सगळ्यात कमी आहे त्यांच्याच डोक्यावर सगळ्यात जास्त पडतो.

यंदा भाचा मेकॅनिकलचा डिप्लोमा करून आला. “मामा, इंजिनाच्या धंद्यात यावं का?” असं त्यानं सरळच विचारलं. मी त्याला शॉपवर घेतलं, पण इंजिनाच्या धंद्यात म्हणून नाही. सकाळी तो मेस्त्रींच्या हाताखाली बीडाचे हब करतो. ट्रॅक्टर-ट्रकांचं हे काम त्याच्या लग्नापर्यंत तरी चालेल. दुपारी मापाच्या खोलीत ॲल्युमिनियमची हाउसिंगं तपासतो. मशीन घ्यायची त्याला घाई आहे. पुण्याच्या प्रदर्शनातून तो एका जॉबसाठीच बनवलेल्या स्पेशल पर्पज मशीनचं कोटेशन घेऊन आला. तासाला दुप्पट माल काढणारं ते यंत्र खरंच देखणं होतं. मी कोटेशन परत दिलं आणि त्याला शॉपचा आता चालू असलेला नियम सांगितला : ज्या यंत्रावर बीडही कापता येईल आणि ॲल्युमिनियमही, हब बसेल आणि हाउसिंगही, त्याच यंत्राच्या कागदावर मी सही करीन, वेग थोडा कमी मिळाला तरी चालेल. तो नाराज झाला. मग दोन दिवसांनी दुसरं कोटेशन आणलं, साध्या व्हीएमसीचं, जादा फिक्स्चर प्लेटसकट. त्यावर आमची घासाघीस सध्या चालू आहे.